परदेशात पत्र वाटणाऱ्या पोस्टमनचे पैसे कोण देतं?

निरुत्तर_बाप (नाशिक):

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे आणि तिला पोस्टक्रॉसिंगचा नाद लागलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, त्याला पोस्टकार्ड पाठवायचं, आणि मग तिसऱ्याच देशातून चौथ्याच माणसाचं कार्ड आपल्या घरी येतं. २००५ साली पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेला उद्योग आहे. परवा फिनलंडला कार्ड टाकलं. पेटीपासून वळतोय तोच कन्येचा प्रश्न आला: "बाबा, तिकिटाचे पैसे तर आपल्या पोस्टाने घेतले. मग फिनलंडचा पोस्टमन ते कार्ड घरी नेऊन देणार, त्याला कोण पैसे देणार?"

मी ठोकून दिलं की आपलं पोस्ट त्यांना देत असेल. तर म्हणे, "प्रत्येक कार्डाचे? आणि ते कार्ड मधे चार देशांवरून गेलं तर? हिशोब कोण ठेवतं?"

पत्नीने "आता बाबांना झोपायचंय" म्हणून सोडवलं. पण प्रश्न माझ्याच डोक्यात बसलाय. खरंच कोण देतं? आणि ही व्यवस्था कधीपासूनची आहे? इथे पोस्टातले कुणी असतील तर सांगा.

आडवाटेचा:

यूपीयू, म्हणजे युनिव्हर्सल पोस्टल युनियन, नावाची देशोदेशीच्या टपालाची संस्था आहे, तिचा करार असतो. शोधलं की सापडेल.

निरुत्तर_बाप:

धन्यवाद. एवढं सापडलं. तो करार सातवीच्या मुलीला पटेल असा कुणी सांगेल का?

बॅलार्डपिअर (डोंबिवली):

मी सांगतो. मुंबईच्या फॉरेन पोस्टात, म्हणजे परदेशी टपालाच्या ऑफिसात, बॅलार्ड पिअरला, माझी नोकरी झाली. सॉर्टर, म्हणजे पत्रं वेगळी करणारा, म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत बहुतेक काळ परदेशी थैल्यांच्याच संगतीत होतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थेट उत्तर. जवळपास शंभर वर्षं त्या पोस्टमनचे पैसे आपण देत नव्हतो. त्याचं त्याचं पोस्ट देत होतं. आपण टाकलेल्या पत्राचं हशील, म्हणजे तिकिटाचे पैसे, आपण ठेवायचं, त्यांनी टाकलेल्याचं त्यांनी. तुमची पत्रं आम्ही वाटतो, आमची तुम्ही वाटा. पत्र गेलं की बहुधा उत्तर येतं, म्हणजे दोन्हीकडचा भार साधारण सारखा, असं धरून चालायचं. दिवाळीत फराळाची ताटं शेजारी-शेजारी फिरतात, तेव्हा कुणी चकल्या मोजत नाही, तसं. हिशोब कोण ठेवतं? कुणीच नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला खरा शोध तोच आहे.

कारण त्याआधी हिशोब ठेवत होते, आणि त्यानेच टपाल महाग झालं होतं. १८४८ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात टपालाचा करार झाला. एका साध्या पत्राला २४ सेंट. त्यातले ५ अमेरिकेतल्या वाहतुकीचे, १६ समुद्राचे आणि ३ ब्रिटनमधल्या बटवड्याचे. बोट ज्या देशाची, १६ सेंट त्याचे. म्हणजे प्रत्येक पाकिटावर कारकुनाने लिहायचं की यातले किती त्यांचे आणि किती आपले. देणं लाल शाईत, येणं काळ्या शाईत. जुनी पाकिटं जमवणाऱ्यांना हे आकडे चांगले ओळखीचे असतात. आणि हा नुसता दोन देशांमधला करार. मधे फ्रान्स आला, प्रशिया आला, की आणखी करार, आणखी आकडे. त्याच काळात अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला पत्र पाठवायचं तर कुठल्या मार्गाने जातंय त्यावर दर ठरायचा: कमीत कमी ५ सेंट, जास्तीत जास्त १ डॉलर २ सेंट. पत्र तेच, वजन तेच.

हा गुंता सोडवायला अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांनी १८६३ साली पॅरिसला बैठक बोलावली. १५ देश आले, तत्त्वं ठरली, करार झाला नाही. पुढचं काम उत्तर जर्मनीच्या टपालखात्यातल्या हाइनरिश फॉन श्टेफान यांचं. त्यांनी १८६८ साली योजना मांडली, तर १८७० ला फ्रान्स-प्रशिया युद्ध लागलं. शेवटी ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला २२ देशांनी करार केला, त्यातूनच ही यूपीयू उभी राहिली. जागतिक टपाल दिन ९ ऑक्टोबरला असतो तो त्यामुळे. तो दिवस पाळावा हा प्रस्ताव १९६९ च्या टोकियो काँग्रेसमध्ये (काँग्रेस म्हणजे या संस्थेची सदस्य देशांची परिषद) भारताच्या शिष्टमंडळातले आनंद मोहन नरुला यांनी मांडला होता. आमच्या खात्यात हे दरवर्षी भाषणात यायचं आणि पुढच्या वर्षीपर्यंत सगळे विसरायचे.

करारात काय होतं? सगळे सदस्य देश मिळून टपालापुरता एकच मुलूख. १५ ग्रॅमच्या पत्राला साधारण एकच दर, २५ सेंटिम. ज्याने तिकीट विकलं त्याने पैसे ठेवायचे. मधल्या देशांना मात्र वाहतुकीचे पैसे द्यायचे, पण तेही पत्र मोजून नाही, थैल्यांच्या वजनावर. मुलीच्या "चार देशांवरून गेलं तर?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आणि भांडण नेमकं इथेच झालं. फ्रान्समधून सगळ्यांची टपाल जायची, त्याची कमाई बुडेल ही त्यांची चिंता. फ्रान्सने सगळ्यांबरोबर सही केलीच नाही, आत यायला १८७६ चा जानेवारी उजाडला. बर्नमध्ये या संस्थेचं मोठं स्मारक आहे, १९०९ सालचं: पृथ्वीच्या गोलाभोवती पाच खंडांच्या पाच स्त्रिया एकमेकींच्या हाती पत्र देताहेत. फोटोत फार सुंदर दिसतं. पण ती संस्था मला कायम पैशावरून वाद घालणाऱ्या व्यवहारी माणसांची वाटत आली, आणि त्यामुळेच ती टिकली असं माझं मत आहे.

भारत १ जुलै १८७६ ला सामील झाला. राज्य इंग्रजांचं, पण टपालाच्या यादीत ब्रिटिश इंडिया हे वेगळं नाव. आणि परदेशी टपालाचं आपलं मुख्य दार होतं मुंबई. ते आधीपासूनच. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये मुंबईहून सुएझला गेली, तिथून हा मार्ग रुळायला लागला. कालवा व्हायच्या आधी इजिप्तमधलं अंतर जमिनीवरून कापायचं. पुढे लंडनची टपाल आगगाडीने इटलीच्या ब्रिंडिसी बंदराला, तिथून बोटीने अलेक्झांड्रिया, सुएझ, एडन, मुंबई. १८६८ पासून बोटीवरच पोस्ट ऑफिस बसवलं होतं, 'सी पोस्ट ऑफिस' म्हणायचे. आपल्या खात्याचे सॉर्टर बोटीत बसून थैल्या फोडायचे, मुंबईला बोट लागेपर्यंत पत्रं गावोगावच्या गाड्यांप्रमाणे वेगळी करून तयार. पहिल्या महायुद्धापर्यंत हे चाललं. मृगात अरबी समुद्रात बोट हेलकावे खात असताना कबुतरखान्यासारख्या खणांत पत्रं टाकणारी ती माणसं मला आमच्या सगळ्या साहेबांपेक्षा मोठी वाटतात. त्यांचा पुतळा कुणी उभारला नाही.

आता महाराष्ट्रातलं एक उदाहरण देतो, कारण 'सार्वजनिक उपयोग' म्हटलं की मला तेच आठवतं. आनंदीबाई जोशी. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ कुणी लावत नाही. कोल्हापूरला असताना त्यांनी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं की बायकोला अमेरिकेत शिकवायचंय. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक पडलं, आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ही १८८० च्या सुमाराची गोष्ट. पुढे तीनेक वर्षं पत्रंच पत्रं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या, एकमेकींना न पाहता. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या, पार कच्छमधल्या भूजपासून बंगालमधल्या श्रीरामपूरपर्यंत, पण पत्रव्यवहार तुटला नाही. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, न्यायला कारपेंटरबाई हजर. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या.

हे १८७६ आधी झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. पत्रं तेव्हाही जात होती. पण पोस्टातल्या कारकुनाच्या पगारात इतकी पत्रं अमेरिकेला लिहिणं आणि तिकडच्या एका साध्या गृहिणीने तितकीच उत्तरं पाठवणं, हे तेव्हा परवडलं असतं का, याचा विचार करा. १८९८ च्या नाताळपासून तर हिंदुस्थानातून विलायतेला अर्ध्या औंसाचं पत्र एका आण्यात जायला लागलं. एक आणा! ती सवलत मात्र साम्राज्यापुरती होती, जगाची नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. हा 'हिशोब नको'चा ठोकताळा पुढे मोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर देश स्वतंत्र होत गेले आणि ते म्हणायला लागले की श्रीमंत देशांची जाडजूड मासिकं आणि कॅटलॉग थैल्या भरभरून आमच्याकडे येतात, आमच्याकडून तेवढं काही जात नाही, मग वाटायचा खर्च आम्हीच का सोसायचा? त्याच टोकियोच्या १९६९ च्या काँग्रेसमध्ये ठरलं, १९७१ पासून अंमल: ज्याच्याकडून जास्त टपाल येते त्याने जास्तीच्या वजनाचे पैसे द्यायचे. याला टर्मिनल ड्यूज म्हणतात. तेव्हा मुलीला सांगा, आज भारतीय पोस्ट फिनलंडला पैसे देतं, पण एकेका कार्डाचे नाही. थैलीबरोबर लेटर बिल जातं, त्यावर वजन आणि नग असतात, त्यांची बेरीज होऊन नंतर दोन्ही पोस्टांचा हिशोब मिटतो. आमच्या वेळी थैली उघडली आणि बिलाशी मेळ बसला नाही, तर पाठवणाऱ्या देशाला लगेच व्हेरिफिकेशनचा कागद जायचा. त्या कागदावर फ्रेंच असायचं, कारण संस्थेची अधिकृत भाषा ती. आमच्यातल्या कुणालाच फ्रेंच येत नव्हतं, पण त्या फॉर्मपुरतं सगळ्यांना येत होतं.

निरुत्तर_बाप:

काका, दंडवत. आनंदीबाईंच्या गोष्टीतला टपालाचा भाग माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. उद्या मुलीला वाचून दाखवतो.

शंकासुर (पुणे):

काकांचा अनुभव मोठा आहे आणि लिहिलंयही छान. पण हे सगळं 'होतं'. आज काय? डेन्मार्कचं पाहा, तिथल्या सरकारी पोस्टाने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटचं पत्र वाटलं. १६२४ पासूनची सेवा, चारशे वर्षांची, बंद. २००० सालापासून तिथे पत्रं नव्वद टक्क्यांनी कमी झाली होती. लाल पेट्या काढून लोकांना विकल्या. कुणाचं काही अडलं नाही. आपल्याकडेही कुणी हाताने पत्र लिहित नाही. बिलं मेलवर, गप्पा व्हॉट्सअॅपवर, वस्तू कुरिअरने. मग तोट्यातली आंतरराष्ट्रीय सेवा सरकारने चालवायची ती कशासाठी? पोस्टकार्ड जमवणाऱ्यांच्या छंदासाठी? (निरुत्तर_बाप, राग मानू नका, मुलीचा प्रश्न झकास आहे.)

लाखेचे_पत्ते (सावंतवाडी):

शंकासुर, तुम्ही कुरिअरचे दर शेवटचे कधी पाहिलेत?

आमच्या घरी गंजिफा तयार होतो. नणंद रंगवते, मी विकते. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, लाखेचं काम, डब्यासकट. बाहेरची गिऱ्हाइकं जर्मनीत, जपानात, अमेरिकेत, बहुतेक पत्ते जमवणारी माणसं. एका वेळी एकच डबा जातो. कंटेनर भरून माल पाठवणाऱ्यांसाठी जग सोपं आहे. एक डबा पाठवणाऱ्या बाईने कुठे जायचं? खाजगी कुरिअरने सांगितलेला दर ऐकून मला वाटलं माणूस चुकून दोन डब्यांचा सांगतोय.

पोस्टाने जमतं. २०२२ च्या डिसेंबरपासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू झाली, आता देशभरात हजारावर आहेत. कस्टमचा कागद आपल्यालाच ऑनलाइन भरता येतो, मुंबईला एजंट धरावा लागत नाही. पहिल्यांदा भरताना घाम फुटला हे खरं, 'खेळण्याचे पत्ते' की 'हस्तकला', कुठल्या सदरात टाकायचं यावर मी आणि नणंद दोन दिवस वाद घालत होतो. पण एकदा कळलं की कळलं.

आणि 'कुणाचं अडलं नाही' याबद्दल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढून टाकली, २९ ऑगस्टपासून. जकात कुणी, कुठे, कशी गोळा करायची हे ठरलेलं नव्हतं. विमान कंपन्या टपाल घेईनात. २५ ऑगस्टपासून आपल्याकडून अमेरिकेचं बुकिंग थांबलं. आधी पत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तरी चालू होत्या, महिनाअखेर त्याही बंद. १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं, पण जकात इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची, आणि ती तेव्हा आपल्या मालावर ५० टक्के होती. तेवढ्या काळात माझे अमेरिकेचे डबे कपाटात. कुरिअर चालू होतं की! मी गिऱ्हाइकाला दोन्ही दर लिहून पाठवले. उत्तर आलं, आम्ही पोस्ट सुरू व्हायची वाट पाहतो.

शंकासुर:

ताई, हा मुद्दा मान्य. लहान विक्रेत्यांचा विचार केला नव्हता. पण मग ती मालवाहतूक झाली, टपाल नव्हे. आणि तसं असेल तर तिचा खर्च निघेल असा दर लावा. मी कर भरतो तो सावंतवाडीचा पत्त्यांचा डबा स्वस्तात जर्मनीला जावा म्हणून नाही.

लाखेचे_पत्ते:

महामार्गावर टोल भरताना तुमच्या गाडीमागे किती सरकारी पैसा उभा असतो तेही मोजा मग. असो. पावसाळ्यानंतर या इकडे, पत्ते दाखवते.

बॅलार्डपिअर:

शंकासुर, तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते आधी देऊन टाकतो. पत्रं संपत चाललीत. मी नोकरीला लागलो तेव्हा आखातातून रत्नागिरी-रायगडकडे जाणाऱ्या पत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे असायचे. खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन. रजिस्टर पाकिटात ड्राफ्ट, आणि घरी कुणाला वाचता येत नसेल तर कॅसेट. कुवेतला बसून मुलाने अर्धा तास बोलून ठेवलेलं, ती कॅसेट आई शेजाऱ्याच्या टेपवर ऐकणार. कस्टमचा माणूस पाकीट उघडून पाहायचा, तीत गाणी नाहीत एवढं कळलं की पुन्हा चिकटवायचा. फोन स्वस्त झाले आणि ते गठ्ठे बघता बघता आटले. त्याचं मला दुःख नाही. आईला रोज मुलाचा चेहरा दिसतो, हे कॅसेटपेक्षा केव्हाही बरं.

पण डेन्मार्कचं उदाहरण तुम्ही अर्धं दिलंत. तिथे सरकारी कंपनीने पत्रं वाटणं सोडलं. पत्र पाठवता येण्याची सोय असलीच पाहिजे, हे तिथल्या कायद्यात अजून आहे आणि ते काम दुसऱ्या कंपनीने घेतलंय. लहान, सपाट, प्रत्येक घरी इंटरनेट असलेला देश. त्यांना हे जमलं म्हणून मेळघाटातल्या वस्तीला जमेल, असं मी मानत नाही.

दर आणि तोटा. ज्याने जास्त माल पाठवला त्याने वाटपाचा रास्त खर्च द्यावा, हे तुमचं म्हणणं चुकीचं नाही. अमेरिकेचं तेच म्हणणं होतं. जुन्या दरांमुळे चीनमधून न्यूयॉर्कला आलेलं छोटं पाकीट अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवलेल्यापेक्षा स्वस्त पडायला लागलं होतं. म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी संघटनेतून बाहेर पडायची वर्षभराची नोटीस दिली. दीडशे वर्षांच्या कराराचं आता काय होणार, असं वाटत होतं. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला खास काँग्रेस भरली आणि तडजोड झाली: ज्यांच्याकडे फार टपाल येते त्या देशांनी आपला वाटपाचा दर स्वतः जाहीर करावा, टप्प्याटप्प्याने. अमेरिकेला ते २०२० च्या जुलैपासून मिळालं आणि ती आत राहिली. म्हणजे फराळाच्या ताटातल्या चकल्या आता मोजतात. पण ताट फिरतं.

२०२५ च्या ऑगस्टबद्दल ताईंनी लिहिलंच आहे. तो फक्त आपला प्रश्न नव्हता. युनिव्हर्सल पोस्टल युनियनने तेव्हा सांगितलं की ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली, आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारी टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटली. पाकीट पोहोचवणं कराराने बांधलेलं आहे, जकात हा ज्याच्या त्याच्या देशाचा अधिकार. या दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात ते टेबल म्हणजे फॉरेन पोस्ट. आमच्याकडे एका बाजूला आमचे सॉर्टर आणि शेजारी कस्टमचे अप्रेझर, म्हणजे मालाची किंमत ठरवणारे, बसायचे, आणि त्यांच्यात रोज खटके उडायचे.

तुम्ही विचारलंत सरकारने का चालवायची. कुरिअर कंपनीला 'त्या गावी आमची सेवा नाही' म्हणता येतं. पोस्टाला म्हणता येत नाही. १९९९ च्या बीजिंग काँग्रेसपासून तर करारात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक माणसाला, देशात कुठेही, परवडेल अशा दरात मूलभूत टपाल मिळाली पाहिजे. आपल्याकडे ते किती पाळलं जातं यावर तुम्ही जरूर भांडा, मीही भांडेन. पण कुरिअरशी भांडायला तो कागद नाही.

आणि सरकारं हात काढतात तेव्हा काय होतं तेही पाहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताशी टपाल बंद केली, नोव्हेंबरात पत्रं परत सुरू झाली. मे २०२५ मध्ये पहलगामनंतर आपण त्यांच्याकडून येणारी सगळी टपाल आणि पार्सलं थांबवली. कारणं आहेत, त्यात मी पडत नाही. पण मला आश्चर्य उलट गोष्टीचं वाटतं: इतक्या युद्धांमधून, इतक्या वर्षांत, मधल्या शांत काळात थैल्या इकडून तिकडे जातच राहिल्या. कुणी कुणाचा हात धरत नव्हतं, पण थैल्या घेत होते. उल्हासनगरला राहणाऱ्यांना विचारा, सिंधमधल्या कराची-हैदराबादहून आलेलं पाकीट म्हणजे काय.

सहाटिंबे (मुंबई):

यात एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. मी एका ब्रेल ग्रंथालयात स्वयंसेवक आहे. ब्रेल पुस्तक हातात घेतलंय कुणी? तुमची साधी कादंबरी ब्रेलमध्ये चार-पाच जाड खंडांची होते. कागद जाड, आणि टिंबं दबू नयेत म्हणून घट्ट बांधता येत नाही. वजनाने हशील लावलं तर पुस्तकापेक्षा पाठवणी महाग.

ते लागत नाही. अंधांसाठीचं साहित्य, ७ किलोपर्यंत, या आंतरराष्ट्रीय कराराखाली मोफत जातं. विमानाने पाठवलं तर विमानाचा जादा आकार तेवढा पडू शकतो. पाकिटावर पांढरी काठी घेतलेल्या माणसाचं चिन्ह लावायचं आणि तपासायला उघडता येईल असं बांधायचं. युद्धकैद्यांच्या पत्रांनाही अशीच माफी आहे. अंधांसाठी पुस्तकांच्या प्रती देशाबाहेर देता याव्यात म्हणून माराकेशचा जो करार झाला, तो मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. कॉपीराइटचं दार त्याने उघडलं, पण पुस्तक प्रत्यक्ष जातं टपालानेच. शंकासुर, ऑडिओ बुकं आली म्हणाल तर आली, आनंद आहे. पण गणित आणि संगीताची लिपी कानाने शिकून पाहा.

आणि पोस्टातल्या खिडकीवरच्या माणसाला हा नियम बऱ्याचदा माहीत नसतो. छापील नियम जवळ ठेवायचा आणि हसून दाखवायचा. मी पिशवीतच ठेवते.

शंकासुर:

सहाटिंबे, हे खरोखर माहीत नव्हतं. कराच्या पैशातून एवढ्याला माझी हरकत नाही. बाकीच्या मुद्द्यांवर माझं मत अजून तेच आहे. पत्त्यांचा डबा मात्र पाहायला येणार.

निरुत्तर_बाप:

काका, शेवटचं विचारतो. पोस्टकार्डावर काही नसतं, पण रजिस्टर पाकिटाला बारकोड आणि लांबलचक नंबर असतो. तोच नंबर परदेशातल्या पोस्टाच्या साइटवरही चालतो. प्रत्येक देशाची यंत्रणा वेगळी असताना हे कसं?

बॅलार्डपिअर:

कारण नंबरचा साचा सगळ्यांनी मिळून ठरवलाय. सुरुवातीला दोन अक्षरं: आर म्हणजे रजिस्टर, ई म्हणजे स्पीड पोस्टसारखी ईएमएस, सी म्हणजे पार्सल, आणि त्यापुढे आणखी एक अक्षर. मग नऊ आकडे. शेवटी देशाची दोन अक्षरं, आपली आयएन. त्यामुळे जगात कुठेही नंबर पाहिला की कुठल्या देशाने घेतलेला नग आहे ते कळतं.

नऊपैकी आठ आकडे क्रमांकाचे, नववा तपासणीचा. तो असा काढतात. आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, आणि बाकी ११ मधून वजा करायची. समजा क्रमांक १२३४५६७८. गुणाकार येतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३, ५६. बेरीज २०४. ११ ने भागलं तर बाकी ६. ११ वजा ६ म्हणजे ५. पूर्ण नंबर होईल आरआर १२३४५६७८५ आयएन. टाइप करताना एक आकडा चुकला किंवा दोन आकडे उलटसुलट झाले, तर बहुतेक वेळा नववा जुळत नाही आणि यंत्र नंबर नाकारतं.

वजाबाकीचं उत्तर १० आलं तर नववा आकडा ० लिहायचा, आणि ११ आलं तर ५.